ऊस ओढायला ट्रॅक्टर घेताना



हंगाम संपून ऊसबिलाचे पैसे हातात आले, की गावोगावी नव्या ट्रॅक्टरच्या गोष्टी निघतात. अमक्याने पन्नासचा घेतला, तमक्याने साठचा बुक केला. "किती एचपी?" हा पहिला प्रश्न आणि "हप्ता किती?" हा दुसरा. भरलेल्या दोन ट्रॉल्या मागे असताना उतारावर हा ट्रॅक्टर थांबतो कुठे, हा तिसरा प्रश्न मात्र पारावर सहसा कुणी काढत नाही. ज्याला वर्षभर घरच्या शेतीत वापरायला आणि चार महिने ऊस वाहायला असा एकच ट्रॅक्टर घ्यायचा आहे, त्याने खरे तर तिथूनच सुरुवात करावी. कुठल्या कंपनीचा घ्यावा हे आम्ही सांगणार नाही. ट्रॅक्टर कसा तपासावा एवढेच सांगू.

आधी एचपीचा घोळ मिटवू. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्याची ताकद म्हणजे एक एचपी. म्हणजे यात वजनही आले आणि वेगही आला. गिअर खाली टाकला की वेग कमी होतो व ओढ वाढते; एचपी तेवढीच राहते. शिवाय पाटीवर लिहिलेला आकडा इंजिनचा असतो. पीटीओवर तो कमी मिळतो आणि चाकापर्यंत पोचेतो पन्नासचे चाळीसच्या आसपास उरतात. तेव्हा नुसत्या आकड्यावर जाऊन "पाच एचपी जास्त म्हणजे एक टन ऊस जास्त" असा हिशेब कुणी करू नये.

खरा हिशेब असा मांडावा. डांबरी सपाट रस्त्यावर एक टन वजन ढकलत ठेवायला साधारण २० किलो ओढ लागते. वीस फुटांत एक फूट चढ असला, तर टनामागे आणखी ५० किलो. आता भरलेल्या दोन ट्रॉल्या प्रत्येकी ९ टनांच्या आणि ट्रॅक्टर २ टनांचा, असे एकूण २० टन धरू. सपाटीला ४०० किलो ओढ पुरते. ताशी २५ किलोमीटर वेगाने एवढी ओढ द्यायला चाकावर ३७ एचपी लागतात. म्हणजे पन्नासचा ट्रॅक्टर सपाट रस्त्यावर हे काम रडतखडत का होईना करतो. म्हणून बघणाऱ्याला वाटते, जमले की!

चढ आला की गणित पालटते. त्याच वीसात एक चढावर ओढ लागणार १,४०० किलो. इंजिन खालच्या गिअरमध्ये एवढी ओढ देऊ शकते, पण चाक ती घेत नाही. चाकाची पकड त्याच्यावर किती वजन आहे यावर अवलंबून. मागच्या चाकांवर दीड टन वजन असले, तर कोरड्या डांबरावर त्याच्या साठ टक्के, म्हणजे ९०० किलो ओढ निघेल. त्यापुढे चाक जागच्या जागी फिरणार, नाही तर ट्रॅक्टर तोंड उचलणार. याच ट्रॅक्टरमागे एकच ट्रॉली लावली, तर एकूण वजन ११ टन आणि चढावर लागणारी ओढ ७७० किलो. ती तो आरामात देतो. तेव्हा चढावर अडला तो इंजिनामुळे नव्हे, चाकावरच्या वजनामुळे अडला. अशा वेळी साठ एचपीचे इंजिन आणून बसवले तरी, ट्रॅक्टर तेवढ्याच वजनाचा असला तर, फरक पडत नाही.

फडातली गोष्ट तर याहून वेगळी. ओल्या, भुसभुशीत रानात टनामागे १०० किलो आणि त्याहूनही जास्त ओढ लागते, आणि पकड निम्म्यावर येते. म्हणून तर भरलेल्या ट्रॉल्या फडातून एकेक करून, दुसरा ट्रॅक्टर जोडून रस्त्यावर काढाव्या लागतात. वाहतूकदार मंडळी हे रोज करतात. ट्रॅक्टर घेताना मात्र विसरतात.

यावर उपाय दोन. मागच्या टायरमध्ये पाणी भरणे व लोखंडी वजने लावणे हा स्वस्तातला. टायरमध्ये पाणी साधारण तीन चतुर्थांश भरतात, बाकी जागेत हवा. मागे वजन वाढवले तर पुढच्या बंपरलाही वजने लावावीत. नाही तर चढावर सुकाणू हलके पडते. दुसरा उपाय चारही चाकांना ओढ असलेला ट्रॅक्टर. त्यात पुढच्या चाकांवरचे वजनही कामाला येते आणि बहुतेक ट्रॅक्टरांत तो गिअर टाकलेला असताना ब्रेकचा परिणाम पुढच्या चाकांपर्यंत पोचतो. पण कोरड्या डांबरी रस्त्यावर सदासर्वकाळ तो गिअर टाकून पळवला, तर पुढचे टायर झिजतात. फडातून निघताना टाकावा, रस्ता धरला की काढावा, अवघड उतार आला की पुन्हा टाकावा. आमचे मत विचाराल तर काळ्या रानात फड आणि चढउताराचा रस्ता असणाऱ्याने जादा एचपीला पैसे घालण्यापेक्षा चारचाकी ओढीला घालावेत.

ट्रॉलीचा हूक कुठे लावतो हेही बघा. ओढ ९०० किलो असताना हूक जमिनीपासून अर्धा मीटर उंचीवर असला, तर पुढच्या चाकांवरचे सव्वादोनशे किलो वजन उचलले जाते. तोच हूक ९० सेंटीमीटरवर लावला, तर चारशे किलो. काही ड्रायव्हर ट्रॉलीचे तोंड वर राहावे म्हणून हूक वर घेतात. असा ट्रॅक्टर चढावर घोड्यासारखा उभा राहतो आणि ड्रायव्हरला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. कंपनीने दिलेल्या हूकाच्या जागेपेक्षा वर वेल्डिंग करून घेणे म्हणजे मुद्दाम संकट बोलावणे होय.

आता तो तिसरा प्रश्न. साध्या ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. ट्रॉलीला ब्रेक नसला तर वीस टनांचा सगळा भार थोपवायचे काम त्या दोन चाकांचे, आणि त्यांची पकड तीच, ९०० किलो. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सात मीटर. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरला, तर सपाट कोरड्या रस्त्यावर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर ४५ मीटरवर थांबेल. वेग ४० असला तर १०० मीटरच्याही पुढे. आणि तोच वीसात एक उतार असला तर ताशी २५ च्याच वेगाला सुमारे १७० मीटर लागतील. तोवर वळण येते, शाळा येते, समोरून एस.टी. येते. एकच ट्रॉली असती तर याच उतारावर ५४ मीटर लागले असते. हे आकडे कोरड्या रस्त्याचे व चांगल्या टायरचे आहेत. रस्त्यावर मळी, पाचट किंवा पावसाचे पाणी असले तर ते आणखी वाढतात. वर मागच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरला ढकलतात, ट्रॅक्टर आडवा होतो आणि सगळा ऊस रस्त्यावर येतो, ते वेगळेच.

म्हणून आमचे स्पष्ट म्हणणे असे, की दोन ट्रॉल्या ओढायच्या असतील तर ट्रॉलीला ब्रेक पाहिजेच. ट्रॅक्टरमधून तेलाचा किंवा हवेचा दाब घेऊन ट्रॉलीच्या चाकांना ब्रेक लावण्याची सोय करता येते. ट्रॉलीच्या चाकांनी आपल्यावरच्या वजनाच्या नुसता पाचवा हिस्सा जोर दिला, तरी ४५ मीटरचे १७ मीटर होतात. नवा ट्रॅक्टर घेताना मागे ट्रॉलीच्या ब्रेकची जोडणी आहे का, नसेल तर कंपनीकडून बसवून मिळते का, हे विक्रेत्याला लेखी विचारा. म्युझिक सिस्टीम आणि छत फुकट मिळते म्हणून खूश होण्याआधी हे विचारा.

ट्रॅक्टरचे स्वतःचे ब्रेक तेलात बुडालेले असले तर चिखलपाण्याचा त्रास होत नाही व ते जास्त दिवस टिकतात. डाव्या-उजव्या ब्रेकची दोन पेडले शेतात वळायला वेगळी ठेवतात. रस्त्यावर आल्यावर त्यांची खिटी जोडलीच पाहिजे. ती न जोडता जोरात ब्रेक मारला, की एकच चाक धरते. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचते हा समजही काढून टाका. गिअरमध्ये उतरताना इंजिन स्वतः गाडीला धरते आणि पंप डिझेल जवळजवळ बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतेच. जो चढ ज्या गिअरमध्ये चढतो, तो उतार त्याच गिअरमध्ये उतरावा.

विक्रेत्याच्या रंगीत पुस्तिकेवर कितपत भिस्त ठेवायची? मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची शेती यंत्रांची चाचणी संस्था आहे. तिथे ट्रॅक्टर तपासून अहवाल तयार होतो. त्यात पीटीओवर प्रत्यक्ष किती ताकद मिळाली, वजने लावून व न लावता हूकावर किती ओढ निघाली, ब्रेक लावल्यावर काय झाले, दर ताकदीमागे डिझेल किती ग्रॅम लागले आणि चाचणीनंतर आतले भाग किती झिजले, हे सगळे मांडलेले असते. विक्रेत्याकडे हा अहवाल मागा. इंग्रजी कळत नसेल तर घरातल्या शिकलेल्या पोराला बसवा, आकडे तर सगळ्यांना कळतात. एकाला २५० ग्रॅम आणि दुसऱ्याला २८० ग्रॅम डिझेल लागत असेल, तर फरक बारा टक्क्यांचा. पूर्ण भारावर पन्नासचे इंजिन तासाला दहा-बारा लिटर पिते. हंगामभरात हा फरक किती होतो, तो ज्याने त्याने आपल्या खेपांवरून काढावा.

पन्नास एचपीची एक हद्द लक्षात ठेवण्यासारखी आहे. १ जानेवारी २०२३ पासून पन्नासच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना धुराचे कडक निकष लागू झाले. त्यामुळे त्या इंजिनांत डिझेल फवारण्याची संगणकी पद्धत आली. ताकद व सफाई चांगली मिळते, पण किंमत वाढते आणि बिघाड झाल्यावर गावचा मेस्त्री पाना घेऊन काही करू शकत नाही. म्हणूनच पन्नासच्या किंचित खालची बरीच मॉडेले बाजारात दिसतात. ज्याचे रान चार-पाच एकर आणि फड ते काटा अंतर पंधरा-वीस किलोमीटर, त्याला या हद्दीच्या आतला ट्रॅक्टर पुरतो. साठचा जड ट्रॅक्टर लहान रानात वळायलाही अवघड आणि जमीन दाबतो ती वेगळीच.

मेस्त्रीवरून आठवले. जानेवारीत ट्रॅक्टर तीन दिवस उभा राहिला तर खेपा जातात, टोळी बसून राहते आणि फडात तोडलेला ऊस वाळतो. विक्रेत्याचे दुकान जवळ आहे यावर समाधान मानू नका. क्लच प्लेट, ऑइल सील, पंपाचे भाग त्याच्या कपाटात आहेत का, ते त्याच्या गिऱ्हाइकांना विचारा. तालुक्यात त्याच मॉडेलचे दहा-बारा ट्रॅक्टर फिरत असतील, तर तीच मोठी खात्री.

पैशाचे थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, हे बरे झाले. पण हप्ता ठरवताना हंगाम लहान धरा. २०२१-२२ चा हंगाम राज्यात जूनपर्यंत लांबला होता, तर २०२४-२५ चा बहुतेक ठिकाणी मार्चमध्येच आटोपला. लांब हंगामाच्या खेपा धरून घेतलेले कर्ज लहान हंगामात गळ्याशी येते. त्यात टोळीला दिलेली उचल वेगळी. टोळी आलीच नाही तर उत्तम ट्रॅक्टरही दारातच उभा राहणार. ट्रॉली हेही कायद्याने मोटर वाहनच आहे, तेव्हा तिची नोंदणी व विमा ट्रॅक्टरच्या कागदात आपोआप येत नाहीत, हे पण बघून घ्या.

जुना ट्रॅक्टर घेणाऱ्यांसाठी. रंग पाहू नका, मागे जाऊन हूकाचे भोक पाहा. ते गोल असेल तर ट्रॅक्टर शेतात राबला. लांबट झाले असेल तर त्याने बेताबाहेर ऊस ओढला आहे. मग मीटरवर तास कितीही कमी दिसोत. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला तेल ओघळले आहे का, हाऊसिंगवर वेल्डिंगचा डाग आहे का, ते बॅटरी लावून पाहा. इंजिन गरम झाल्यावर निळा धूर येत असेल तर ते तेल खाते. भरलेली ट्रॉली लावून चढावर चालवून पाहिल्याशिवाय सौदा करू नये; रिकामा ट्रॅक्टर सगळेच छान चालतात. कागदांत फॉर्म २९ व ३० नावबदलाचे. आरसी बुकावर बँकेचा बोजा असेल, तर फॉर्म ३५ वर बँकेचा सही-शिक्का झाल्याशिवाय ठरलेल्या रकमेचा शेवटचा हिस्सा मालकाच्या हातात देऊ नये.