एकाच कुळांतील दोन वाद्यें

गेल्या नाताळच्या गायनाची तालीम आमच्या सभागृहांत चालू असतां एक लहानसा प्रसंग घडला. एका पालकांनीं आपलें डीएक्स ७ नांवाचें जुनें सिंथेसायझर वाद्य गायनवृंदास वापरावयास दिलें होतें. पुढें एका माजी विद्यार्थ्यानें त्याच कुळांतील डीएक्स २१ हें वाद्य आणून दिलें. दोन्ही वाद्यें यामाहा कंपनीचीं, दोहोंचें नांव ‘डीएक्स’, दोहोंच्या पट्ट्या ६१. दहावींतील एका विद्यार्थ्यानें तीं एका तारेनें जोडलीं आणि पहिल्या वाद्यावर विजेच्या पियानोच्या नादाचें बटण दाबलें. तत्क्षणीं दुसऱ्या वाद्यानेंही आपला नाद बदलला; परंतु जो नाद उमटला तो पियानोचा नव्हताच! सारीं मुलें हंसूं लागलीं.

हंसण्याचा भाग लवकरच संपला. डीएक्स ७ ज्यांचें होतें, त्या पालकांची बदली झाली आणि कार्यक्रम चार दिवसांवर आला असतां वाद्य परत करणें भाग पडलें. त्या विद्यार्थ्यानें तीन आठवडे खपून त्या वाद्यावर नाताळच्या गीतासाठीं एक सुंदर स्वरछटा तयार केली होती. “सर, ती दुसऱ्या वाद्यांत भरतां येईल ना? दोन्ही एकाच घराण्यांतलीं आहेत,” असें त्यानें मोठ्या आशेनें विचारलें. उत्तर देतांना मला जें शोधावें लागलें, तेंच येथें सांगण्याचें योजिलें आहे.

नाद कसा घडतो

हार्मोनियममध्यें भात्याच्या वाऱ्यानें पितळेची पत्ती कांपते व स्वर निघतो. पत्ती जशी घडविली असेल तसाच तिचा नाद. तो वाजविणाऱ्याच्या इच्छेनें बदलत नाहीं. सिंथेसायझरमध्यें पत्ती नाहीं, तार नाहीं. विजेच्या साहाय्यानें कंपनें निर्माण करून त्यांच्या मिश्रणानें नाद घडवावयाचा असतो.

डीएक्स कुळाची रीत ही इतरांहून निराळी आहे. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत जॉन चाउनिंग नांवाचे संगीतकार १९६७ सालीं संगणकावर प्रयोग करीत होते. गवई जसा एका स्वरावर आंदोलन देतो, तसें आंदोलन त्यांनीं एका साध्या स्वराला देऊन पाहिलें. आंदोलनाची गति वाढवीत नेली असतां एक चमत्कार झाला. सेकंदास पांचसात वेळां स्वर हालला, तर कानाला तें हालणें कळतें. परंतु तेंच हालणें सेकंदास शेंकडों वेळां होऊं लागलें कीं तें हालणें म्हणून ऐकूं येत नाहीं, स्वराचा रंगच पालटतो.

हें एका उदाहरणानें पाहूं. मूळ स्वराचीं कंपनें सेकंदास २०० आहेत व त्याला हालविणाऱ्या दुसऱ्या स्वराचीं २८० आहेत, असें समजा. मग २०० मध्यें २८० मिळवून ४८०, पुन्हां मिळवून ७६०, असे नवे स्वर उत्पन्न होतात. वजा केल्यास उणे ८० व उणे ३६० येतात. कानाला उणेंअधिक कळत नाहीं, म्हणून ते ८० व ३६० असेच ऐकूं येतात. यांपैकीं एकही संख्या २०० च्या पूर्ण पटींत बसत नाहीं. घंटेच्या नादांतही असेच न जुळणारे स्वर एकत्र असतात. म्हणून हें मिश्रण घंटेसारखें वाजतें. याच्या उलट दोन्ही स्वर २०० चेच घेतले, तर ४००, ६००, ८०० असे पटींतले स्वर निघतात आणि नाद पितळी वाद्यासारखा भरीव होतो.

चाउनिंग यांनीं ही रीत १९७३ सालीं एका निबंधांत प्रसिद्ध केली. यामाहा कंपनीनें तिचा परवाना घेतला आणि पुष्कळ वर्षांच्या खटपटीनंतर १९८३ सालीं डीएक्स ७ बाजारांत आणलें.

कुळाची ओळख

या वाद्यांत साधा स्वर उत्पन्न करणाऱ्या घटकाला ‘ऑपरेटर’ म्हणतात. कोणता ऑपरेटर स्वतः ऐकूं यावा व कोणत्यानें दुसऱ्याला हालवावें, याच्या ठरीव नकाशाला ‘अल्गोरिदम’ म्हणतात. डीएक्स ७ मध्यें सहा ऑपरेटर व ३२ नकाशे आहेत, आणि एका वेळीं १६ स्वर वाजूं शकतात. त्याच वर्षीं निघालेल्या डीएक्स ९ मध्यें ऑपरेटर चार व नकाशे आठच ठेविले. १९८५ सालीं आलेल्या टीएक्स ७ ला पट्ट्या नाहींत. पण आंत यंत्र डीएक्स ७ चेंच आहे. १९८७ च्या सुमारास आलेलें डीएक्स ७ दोन हें मूळ वाद्याची सुधारलेली आवृत्ति होय.

कुळाची दुसरी शाखा चार ऑपरेटरांची. डीएक्स २१, डीएक्स २७ व लहान पट्ट्यांचें डीएक्स १०० हीं तिच्यांतलीं. यांत एका वेळीं आठ स्वर वाजतात. पुढें १९८७ सालीं टीएक्स ८१ झेड निघालें. त्यांतही ऑपरेटर चारच, परंतु प्रत्येकाला एकाच साध्या लहरीऐवजीं आठ प्रकारच्या लहरींतून निवड करतां येते.

म्हणजे आमचीं दोन वाद्यें सख्खीं भावंडें नसून चुलत भावंडें होतीं. ‘डीएक्स’ हें आडनांव, घरें दोन.

मेळाच्या तीन पायऱ्या

दोन वाद्यांचा मेळ बसतो असें आपण म्हणतों, तेव्हां त्या एका शब्दांत तीन निरनिराळ्या गोष्टी असतात.

पहिली पायरी सुरांची. १९८३ सालीं निरनिराळ्या कंपन्यांनीं मिळून ‘मिडी’ नांवाची एक समाईक भाषा ठरविली. अमुक पट्टी दाबली, अमुक जोरानें दाबली, आतां सोडली, एवढा निरोप ती तारेंतून नेते. ही पायरी आमच्या दोन्ही वाद्यांनीं सहज ओलांडली. त्यांत एक मौजही दिसली. डीएक्स २१ च्या स्वतःच्या पट्ट्यांना जोर समजत नाहीं. हळू दाबा कीं जोरानें, स्वर सारखाच. परंतु डीएक्स ७ च्या पट्ट्यांना तो समजतो, आणि तेथून तारेनें जोराचा निरोप गेला कीं डीएक्स २१ आज्ञाधारकपणें मोठ्यानें किंवा हळू वाजतें. ज्या गुणाला स्वतःच्या घरीं वाव नव्हता, तो दुसऱ्याच्या हातून प्रकट झाला.

दुसरी पायरी आंकड्याची. नादाचें बटण दाबलें कीं तारेंतून जातो तो केवळ आंकडा. नाद जात नाहीं. ‘अकरावें पुस्तक उघडा’ असा निरोप दोन निरनिराळ्या ग्रंथालयांत पाठविला, तर दोन्हीकडे एकच पुस्तक निघेल काय? ज्याच्या त्याच्या फळीवर जें असेल तें निघणार. तालमीच्या दिवशीं मुलांना हंसूं आलें, त्याचें कारण एवढेंच. पुढें १९९१ सालीं ‘जनरल मिडी’ या नांवानें १२८ नादांची एक ठरीव यादी मान्य झाली व त्या यादीप्रमाणें बनविलेल्या वाद्यांतून हा घोटाळा टळला; परंतु आमचीं दोन्ही वाद्यें त्याच्या आधींचीं.

तिसरी पायरी स्वरछटेची, आणि हीच सर्वांत अवघड. डीएक्स ७ आपल्या ३२ स्वरछटांचें सर्व वर्णन ४१०४ बाइटांच्या एका निरोपांत पाठवितें. मिडीची गति सेकंदास ३१,२५० बिटांची. एका बाइटास तारेवर दहा बिट लागतात. म्हणजे सेकंदास ३१२५ बाइट. भागाकार करून पाहा, सुमारें १.३ सेकंद येतील. तीन आठवड्यांचे श्रम सव्वा सेकंदांत तारेवरून जातात! टीएक्स ७ हा निरोप जसाच्या तसा घेईल. डीएक्स ७ दोनही घेईल. डीएक्स २१ मात्र तो घेणार नाहीं. सहा ऑपरेटरांचें वर्णन चारांच्या घरांत बसणार कसें? शिवाय मोजण्याचीं मापेंही निराळीं. स्वर कसा चढावा व कसा विरावा हें डीएक्स ७ मध्यें ० ते ९९ पर्यंतच्या आठ आंकड्यांनीं ठरतें. डीएक्स २१ मध्यें पांचच आंकडे, आणि त्यांतील एकही ३१ च्या पलीकडे जात नाहीं.

चार ऑपरेटरांच्या शाखेंत आपसांत मेळ बराच आहे. पण तोही एकमार्गी. डीएक्स २१ ची स्वरछटा टीएक्स ८१ झेडमध्यें चांगली वाजते, कारण जुनी साधी लहर नव्या आठांत आहेच. उलट नव्या लहरी वापरून केलेली छटा जुन्या वाद्यांत आपलें रूप गमावते.

नादांतील भेद

आंकडे जुळले तरी नाद तंतोतंत जुळतोच असें नाहीं. डीएक्स ७ व डीएक्स ७ दोन यांचें वर्णन एकच ठेविलें, तरी जुन्या वाद्यांत अंकांचें ध्वनींत रूपांतर करणारा भाग कमी बारकाईचा असल्यामुळें नादाला किंचित खरखर व धार येते. नव्यांत तो स्वच्छ व मऊ लागतो. कित्येक वादकांना ती जुनी धारच प्रिय आहे. दोषही संवयीनें गुण वाटूं लागतो, याचें हें उदाहरण होय.

सुधारलेल्या वाद्याचा एक विशेष आपल्या संगीताच्या दृष्टीनें महत्त्वाचा आहे. त्यांत प्रत्येक पट्टीचा स्वर किंचित चढवितां किंवा उतरवितां येतो. हार्मोनियमचे बांधलेले स्वर आपल्या श्रुतींशीं जुळत नाहींत, हा आक्षेप फार जुना आहे; त्याच वादांतून ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं हार्मोनियमवर बंदी घातली व ती १९७१ सालीं अंशतः उठविली. पट्ट्यांच्या वाद्याला रागाप्रमाणें स्वर लावण्याची ही सोय त्या आक्षेपाला थोडेंबहुत उत्तर देते. मींड मात्र तिनें साधत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे.

नाताळची रात्र

आतां आमच्या विद्यार्थ्याकडे वळूं. वाद्य परत जाण्यापूर्वीं त्यानें सर्व स्वरछटा संगणकांत उतरवून घेतल्या. ‘डेक्स्ड’ नांवाचा एक विनामूल्य प्रोग्राम आहे. तो डीएक्स ७ चें वर्णन वाचतो व प्रत्येक ऑपरेटरचे आंकडे पडद्यावर दाखवितो. त्यावरून असें दिसलें कीं त्याची छटा पांचव्या नकाशावर बांधलेली आहे. या नकाशांत ऑपरेटरांच्या तीन जोड्या असतात. एका जोडीनें आघाताचा टणत्कार दिला होता. उरलेल्या दोन जोड्यांनीं स्वराचें अंग. आणि त्या दोहोंत किंचित बेसूरपणा ठेविल्यामुळें नाद पाण्यावरील प्रकाशासारखा हालत होता.

डीएक्स २१ चाही पांचवा नकाशा जोड्यांचाच आहे. मात्र जोड्या दोनच. एक जोडी सोडावी लागणार होती. टणत्कार सोडला तर घंटा जाते. अंग सोडलें तर स्वर पोकळ होतो. त्यानें दोन्ही राखलीं व हालणें तेवढें सोडलें. नाद बरा झाला, परंतु निर्जीव वाटला. मग त्याला दुसरी युक्ति सुचली. डीएक्स २१ दोन स्वरछटा एकावर एक वाजवूं शकतें. त्यानें तीच छटा किंचित फरकानें दुसऱ्यांदा बांधली व दोन्ही एकत्र वाजविल्या. हालणें परत आलें!

पण प्रत्येक सोयीची कांहीं किंमत असते. दोन छटा एकदम वाजविल्या कीं आठ स्वरांचे चारच उरतात. पांचवी पट्टी दाबली तर आधींचा एक स्वर तुटतो. येथें आमच्या उपासनासंगीताची रीतच त्याच्या मदतीस आली. आपलीं बहुतेक स्तोत्रें चार आवाजांसाठीं बांधलेलीं असतात. दोन स्त्रियांचे, दोन पुरुषांचे. त्यानें जास्तीचे स्वर गाळले, पायाखालचें पेडल जवळजवळ सोडून दिलें, आणि चार बोटांत सबंध गीत बसविलें. चार दिवस तो व त्याची धाकटी बहीण संध्याकाळीं सभागृहांत बसत. ती डोळे मिटून ऐके व “अजून नाहीं”, “आतां जवळ आलें” असें सांगे.

नाताळच्या रात्रीं तो नाद हुबेहूब पूर्वीचा होता काय? नव्हता. ज्यांनीं दोन्ही ऐकले त्यांना फरक कळला. परंतु गीत संपल्यावर सभागृहांत जी शांतता पसरली, तिच्यावरून तें काम साधलें होतें हें कळून आलें.

घेणाऱ्यांस दोन शब्द

पुष्कळ पालक मुलांसाठीं जुनें वाद्य घेण्याचा विचार करितात. त्यांस एवढेंच सांगावेंसें वाटतें कीं नांवावर जाऊं नका. ऑपरेटर किती, एका वेळीं स्वर किती, पट्ट्यांना जोर समजतो कीं नाहीं, आणि कोणाच्या स्वरछटा तें वाद्य स्वीकारतें, हें आधीं विचारा. आंतील स्मृति राखणारी बॅटरी किती जुनी आहे, हेंही पाहा. ती संपली कीं सांठविलेल्या छटा पुसल्या जातात. म्हणून त्यांची प्रत नेहमीं बाहेर काढून ठेवावी.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांस सांगावयाचें तें थोडें निराळें आहे. त्या मुलाला ती स्वरछटा नकलून घेतां आली असती, तर तिच्यांतली कोणती जोडी काय करिते हें त्याला कधींच कळलें नसतें. थोडक्या साधनांत तीच वस्तु पुन्हां घडवावी लागली, म्हणून ती त्याला समजली. डीएक्स ७ परगांवीं गेलें. तें शिकणें मात्र त्याच्यापाशीं राहिलें.