कृशतेच्या छटा : कांहीं इंग्रजी शब्दांचा विचार

कोणत्याही भाषेंत दोन शब्द सर्वस्वीं समानार्थी असणें विरळाच. मोल्सवर्थ यांनीं आरंभिलेला व थॉमस कँडी यांनीं पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें आणखीही कोश झाले. परंतु शब्द कोणत्या प्रसंगीं शोभतो व कोणत्या प्रसंगीं बोंचतो, हें वाचनानेंच कळतें. कृशता व आजार या दोन विषयांतील शब्द या दृष्टीनें पाहूं.

‘थिन’ हा सर्वांत साधा शब्द. आपण ताक पातळ, तार बारीक व केस विरळ म्हणतों. इंग्रजास या तिन्हींस ‘थिन’ पुरतो. मनुष्याविषयीं तो वापरला असतां त्यांत स्तुति नाहीं व निंदाही नाहीं. आपल्याकडे पुष्कळ जण बारीक मनुष्यास ‘वीक’ म्हणतात, तें बरोबर नव्हे. ‘वीक’ म्हणजे अशक्त. आणि बारीक मनुष्य अशक्त असतोच असें नाहीं. अंगानें बारीक पण कष्टाला चिवट अशा मनुष्यास आपण ‘काटक’ म्हणतों. त्याला इंग्रजी शब्द ‘वायरी’.

‘स्लिम’ व ‘स्लेंडर’ हे स्तुतीचे शब्द. पहिला म्हणजे आपला ‘सडपातळ’. दुसऱ्यांत नाजूकपणा व डौल अधिक, म्हणून तो ‘शेलाटा’ या शब्दाच्या जवळ जातो. ‘लीन’ म्हणजे अंगावर चरबी नसलेला. धावपटूस तो भूषण होय. परंतु त्यांत तुटवड्याचाही अर्थ आहे. बायबलाच्या १६११ च्या इंग्रजी भाषांतरांत फारोच्या स्वप्नांतील सात रोड गाईंना हाच शब्द लाविला आहे, आणि दुष्काळाच्या वर्षांना ‘लीन इयर्स’ म्हणतात. ‘ज्यूलियस सीझर’ नाटकांत सीझरला कॅशियसचा संशय येतो, तेथेंही शेक्सपिअरनें हाच शब्द योजिला आहे. ‘लँकी’ म्हणजे उंच व किडकिडीत. ‘स्किनी’ म्हणजे हडकुळा, लुकडा. या शेवटच्या शब्दांत उपहास आहे. निबंधांत वर्गबंधूचें वर्णन करतांना तो टाळावा.

आतां दुःखाचे शब्द. उपासानें, दुखण्यानें वा वार्धक्यानें गाल बसले व हाडें वर आलीं, म्हणजे मनुष्य ‘गॉन्ट’ दिसतो. ‘हॅगर्ड’ हा शब्द मुख्यतः चेहऱ्याचा. जागरणानें किंवा काळजीनें ओढलेला चेहरा तो दाखवितो, म्हणून लठ्ठ मनुष्यही ‘हॅगर्ड’ दिसूं शकतो. ‘इमेशिएटेड’ म्हणजे अस्थिपंजर झालेला. १८९६-९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनीं मध्य प्रांतांतून उपासमारीनें गांजलेल्या मुली व विधवा आणून त्यांना आश्रय दिला. अशा देहांना हाच शब्द लागू. त्यांना ‘थिन’ म्हणणें म्हणजे दुष्काळच लहान करून सांगणें होय.

पालकांनींही येथें लक्ष द्यावें. ताप येऊन गेल्यावर मूल ‘झटकलें’ असें आपण म्हणतों. तें पुन्हां भरून येतें. परंतु मूल दिवसेंदिवस ‘खंगत’ चाललें, तर गोष्ट निराळी. पहिल्यास ‘ही हॅज लॉस्ट वेट’ पुरे. दुसऱ्यास ‘ही इज वेस्टिंग अवे’ म्हणावें लागतें. क्षयाला इंग्रजींत पूर्वीं ‘कन्झम्प्शन’ म्हणत. देह झिजून जातो ही एकच कल्पना दोन्ही भाषांना सुचली. त्या रोगाचा जंतु रॉबर्ट कॉख यांनीं १८८२ सालीं दाखवून दिला व आज त्यावर औषधें आहेत. परंतु डॉक्टरांस खंगणें वेळेवर व नेमक्या शब्दांत सांगितलें, तरच त्यांचा उपयोग.

शेवटीं रजेच्या चिठ्ठीविषयीं. ‘इल’ बहुधा क्रियापदानंतर येतो, व ‘सिक’ नामापूर्वीं : ‘द चाइल्ड इज इल’, परंतु ‘अ सिक चाइल्ड’. अमेरिकेंत ‘ही वॉज सिक’ म्हणजे तो आजारी होता. इंग्लंडांत त्याचा अर्थ बहुधा त्याला वांति झाली असा होतो. ‘सिकली’ म्हणजे नेहमींचा दुखणाईत. दोन दिवसांच्या पडशाला हा शब्द लाविल्यास शिक्षकांचा उगीच गैरसमज होईल. तेथें ‘अनवेल’ हा सौम्य शब्द योग्य. दीर्घ दुखण्यास ‘एलिंग’, व वार्धक्यानें आलेल्या दुर्बलतेस ‘इन्फर्म’.

अभ्यासासाठीं पुढील वाक्यें इंग्रजींत करा :

१. विक्रोळी स्टेशनावरचा तो हमाल बारीक पण काटक आहे.
२. रात्रपाळीच्या जागरणानें बाबांचा चेहरा ओढलेला दिसतो.
३. माझी बहीण सडपातळ आहे, अशक्त नाहीं.
४. आजी आतां थकली आहे. परंतु आजारी नाहीं.

प्रत्येक वाक्यासाठीं शब्द निवडतांना इतकेंच मनांत आणावें : ज्याच्याविषयीं आपण लिहितों, त्यानें तें वाचलें, तर त्याला तें खरें वाटेल काय, आणि विनाकारण लागेल काय ?