वाटेवरचा दगड आणि गावाचा इतिहास
(वरच्या प्राथमिक वर्गांसाठी परिसर-पाठ)

महाराष्ट्रातील पुष्कळ गावांत वेशीजवळ, मारुतीच्या पाराशी किंवा जुन्या महादेवाच्या देवळाबाहेर कोरीव दगड उभे असतात. कोणी त्यांना शेंदूर लावून देव मानतो, कोणी त्यांवर धुणे धुतो. रस्ता रुंद होताना काही भरावाखालीही जातात. यांतील बहुतेक दगड वीरगळ होत. लढाईत किंवा गावाच्या रक्षणार्थ पडलेल्या वीराचे ते स्मारक होय. ‘वीराचा दगड’ या अर्थाच्या कानडी शब्दावरून हे नाव आले आहे. ज्या गावाचा एकही जुना कागद उरलेला नाही, त्या गावाचा इतिहास पुष्कळदा या दगडापासूनच सुरू होतो.

पाठाचा उद्देश : दगड काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे दोन्ही मुलांना समजावे.

दगड कसा वाचावा

वर्ग सकाळी लवकर किंवा सायंकाळी न्यावा. तिरप्या उन्हात झिजलेले कोरीव काम स्पष्ट दिसते. माध्यान्हीच्या उन्हात तेच सपाट भासते. वीरगळ खालून वर वाचावयाचा असतो. सर्वांत खालच्या चौकटीत लढणारा किंवा धारातीर्थी पडलेला वीर असतो. त्यावरच्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गाकडे नेत असतात. त्याच्याही वर तो शिवलिंगाची पूजा करीत बसलेला दिसतो. शिरोभागी चंद्र-सूर्य असतात. चंद्र-सूर्य आहेत तोवर ही कीर्ती टिको, असा त्यांचा अर्थ. कोठे चौकटी तीन असतात, कोठे चार. मुलांनी त्या मोजून पाटीवर उतरवाव्यात.

खालच्या चौकटीकडे विशेष लक्ष वेधावे, कारण वीर कशापायी पडला हे तेथे कळते. गाई कोरलेल्या असतील, तर शत्रूने वळवून नेलेले गोधन सोडविताना त्याला मरण आले, असे समजावे. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर तर नौकांची लढाई कोरलेली असून वल्ही मारणाऱ्यांच्या रांगा त्यांत दिसतात. यादव राजा महादेव आणि उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यात इ. स. १२६५ च्या सुमारास झालेल्या युद्धाशी अनेक अभ्यासक या दगडांचा संबंध जोडतात.

काही दगडांवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असतो. ती सतीशिला होय. तिचा अर्थ सांगताना शिक्षकांनी गौरवाची भाषा वापरू नये. ही चाल १८२९ मध्ये बंगाल इलाख्यात आणि १८३० मध्ये मुंबई इलाख्यात कायद्याने बंद झाली, हेही त्याच वेळी सांगावे.

‘हा कोण, गुरुजी?’

मुलांचा हा प्रश्न ठरलेला आहे, आणि पाठाची कसोटीही येथेच लागते. महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांवर लेख नाही. म्हणून वीराचे नाव सांगता येत नाही. अशा वेळी ‘हा शिवाजी महाराजांचा मावळा’ असे सांगून मोकळे होण्याचा मोह होतो. परंतु पुष्कळ वीरगळ शिलाहार-यादवांच्या काळातील, म्हणजे शिवकाळाच्या काही शतके आधीचे आहेत. मुलांचा उत्साह वाढविण्यासाठी दिलेले खोटे नाव पुढे गावाची आख्यायिका बनते, आणि ज्याने खरोखर प्राण दिला त्याची जागा दुसराच घेतो.

यासाठी फळ्यावर दोन रकाने करावेत : ‘दगडावर दिसते ते’ आणि ‘गावात सांगतात ते’. आजीने सांगितलेली कथा दुसऱ्या रकान्यात आदराने लिहावी. ती पहिल्या रकान्यात मात्र जाऊ देऊ नये. हा भेद ज्याला कळला, त्याला इतिहासाचा अर्धा अभ्यास कळला.

अलीकडचा दगड

सातारा, रत्नागिरी, पुणे अशा जिल्ह्यांतील काही गावांत चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत एक लहान शिला आढळते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून किती पुरुष गेले आणि त्यांपैकी किती मेले, एवढेच तीवर लिहिलेले असते. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावी त्या युद्धात पडलेल्या ४६ सैनिकांचे स्मारक आहे.

वीरगळावर पराक्रम आहे, नाव नाही; या शिलेवर आकडा आहे, नाव नाही. पण दोहोंत मोठे अंतर आहे. वीरगळातील नाव आता परत येणार नाही. शिलेवरील आकड्यामागची नावे मात्र अजून काही घरांत सापडू शकतात. एखाद्या पेटीत पदक असते, पेन्शनचा कागद असतो, पणजीने सांगितलेली एखादी आठवण असते. ती सांगणारी माणसे वृद्ध आहेत. म्हणून हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये.

उपक्रम

१. गावातील प्रत्येक कोरीव दगडाची नोंद शाळेच्या वहीत करावी : जागा, दिशा, उंची-रुंदी, चौकटी, चित्र, नोंदीची तारीख. छायाचित्र घेता आल्यास जोडावे.

२. दगड मऊ कुंचल्याने व साध्या पाण्यानेच पुसावा. तारेचा ब्रश, आम्ल किंवा ऑइल पेंट वापरू नये. पूजेतील दगडाचा शेंदूर खरवडू नये. लोकांच्या श्रद्धेमुळेच तो आजवर टिकला असण्याचा संभव आहे.

३. दगड मूळ जागेवरून हलवू नये. रस्त्याच्या वा बांधकामाच्या कामात तो येत असेल, तर नोंदवहीची प्रत जोडून ग्रामपंचायतीस व राज्याच्या पुरातत्त्व विभागास वेळीच लेखी कळवावे.

४. युद्धशिला असल्यास मुलांच्या गटांनी घरोघरी विचारून नावे जमवावीत, आणि प्रत्येक नावापुढे ते कोणी सांगितले हे लिहावे.

ही वही शिक्षकाची बदली झाली म्हणजे कपाटात अडकून पडू नये. हजेरीपत्रकाप्रमाणेच तिचाही कार्यभार नव्या शिक्षकाकडे रीतसर सोपवावा. दगड एखादे वेळी भरावात जाईल. पण त्याची खरी नोंद शाळेत असेल, तर गावाचा तो माणूस अगदीच नाहीसा होणार नाही.