ट्रेक रद्द करायचा, तो कधी?

पावसाळ्यातला ट्रेक रद्द करायचा का, हे आदल्या रात्री घरी बसून ठरवावं. पायथ्याच्या गावात सगळे रेनकोट चढवून उभे असतात, गाडीचं भाडं दिलेलं असतं, कुणी महत्प्रयासानं सुट्टी मिळवलेली असते. अशा वेळी ‘राहू दे आज’ हे शब्द लीडरच्या तोंडून निघत नाहीत. म्हणून मागे कधी फिरायचं ते आधीच ठरवावं आणि ग्रुपवर सगळ्यांना कळवून टाकावं.

अंदाज शहराचा बघू नका. पुणे, सातारा, नाशिक, कोल्हापूर या जिल्ह्यांच्या घाट भागासाठी हवामान खातं वेगळा इशारा देतं. पुण्यात भुरभुर असते तेव्हा ताम्हिणीत धो धो कोसळत असतो. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे मुसळधार आणि ११५.६ पासून पुढे अतिमुसळधार, अशी खात्याची वर्गवारी आहे. घाटाला रेड अलर्ट असेल तर चर्चाच नको. ऑरेंज असेल तर ओढ्याची, घळीची आणि उघड्या कातळाची वाट रद्द. मागचे चार दिवसही बघा. सलग पावसानं डोंगर पाणी पिऊन फुगलेला असेल, तर त्या दिवशीचा साधा पाऊसही दरड आणू शकतो. इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली, ती अशाच संततधारेनंतर. जिल्हाधिकाऱ्यांचा किंवा वनखात्याचा बंदी आदेश असेल तर दुसरी वाट शोधत बसू नये. साम्रदच्या सांदण दरीचं तर पावसाळ्यात नावच काढू नये.

खरा घात करतो तो ओढा. रतनवाडीहून रतनगडाला जाताना पाणी पुन्हा पुन्हा ओलांडावं लागतं. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी वर जोराची सर आली की अर्ध्या तासात मांडीला लागतं, कारण काळ्या कातळावर पडलेलं पाणी मुरत नाही, सरळ खाली धावतं. वर धुकं असल्यानं ती सर दिसतही नाही. त्यामुळे ओढा ओलांडताना मनाशी एकच प्रश्न ठेवावा: संध्याकाळी हाच ओढा दुप्पट झाला तर आपण पलीकडे अडकू का? काठावरचा एखादा दगड खूण म्हणून धरा आणि दहा मिनिटं थांबून बघा. दगड बुडत चालला, नितळ पाणी तांबूस झालं, काटक्या आणि पालापाचोळा वाहून येऊ लागला, तळाचे गोटे गडगडल्याचा आवाज यायला लागला, की लगेच काठ सोडून उंचावर जायचं. पाणी गुडघ्याच्या वर आणि वेगात असेल तर दोर बांधून, साखळी करूनही उतरू नका. सह्याद्रीतला ओढा जसा झटकन चढतो तसा पाऊस थांबल्यावर बहुधा काही तासांत उतरतो. थांबणं जमतं, फक्त सोबत कोरडे कपडे, खाणं आणि बॅटरी हवी.

गावातल्या माणसाला विचारायची एक रीत आहे. ‘मामा, जाता येईल ना?’ असं विचारलंत तर पाहुण्याचं मन मोडायला नको म्हणून ‘जा की’ असं उत्तर मिळतं. त्यापेक्षा ‘काल ओढा कधी चढला, कधी उतरला? तुम्ही आज गुरं वर नेली का?’ असं विचारा. गुरं गोठ्यातच असतील तर आपणही खालीच राहावं.

वर निघालात तरी परतीची वेळ पक्की ठेवा. दुपारी एक वाजता जिथे असाल तिथून मागे, माथा दहा मिनिटांवर दिसत असला तरी. जुलैत सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, पण ढग उतरले की रानात सहालाच अंधारून येतं. कुणी कुडकुडत असेल, अडखळत बोलत असेल, तर घड्याळ बघायचीही गरज नाही. आणि एकानं जरी ‘मला बरं वाटत नाही, फिरूया’ म्हटलं तरी ते सगळ्यांवर बंधनकारक. त्याला ‘अरे, थोडंच राहिलंय’ म्हणून रेटणं मला अक्षम्य वाटतं.

ट्रेक रद्द करायचा म्हणजे दिवस वाया घालवायचा असं नाही. घाटमाथ्यावर रेड अलर्ट असला तरी पूर्वेकडे पाऊस बराच कमी असू शकतो. तिथला इशारा पाहून सासवडजवळच्या सोनोरीचा मल्हारगड करता येतो. बेत बदलला तर घरी नवी जागा कळवा. आणि पायथ्याच्या गावात ज्यांच्याकडे नाव-नंबर देऊन वर गेला होतात, त्यांना ‘आम्ही उतरलो’ असं सांगितल्याशिवाय गाडी काढू नका. नाहीतर रात्री कंदील-बॅटऱ्या घेऊन त्याच ओढ्यावर ते तुम्हाला शोधायला जातील.