रिंग रोडचा हट्ट सोड, छोटे

छोटे, तुझा आइसलँडचा बेत वाचला. सात दिवसांत अख्खा रिंग रोड, वर देवमासे, वर हिमनदीवरची चाल! अगं, तो रस्ता १,३०० किलोमीटरहून लांब आहे आणि सोबत आई आहे. धबधब्यासमोर पाच मिनिटं उभं राहायचं आणि पुन्हा गाडीत बसायचं, यासाठी का एवढे पैसे साठवलेस?

माझं ऐक, दक्षिण किनाराच धर. रेक्याविकहून निघायचं, योकुल्सारलोनच्या सरोवरात तरंगणारे हिमनग बघायचे आणि त्याच रस्त्याने परत यायचं. वाटेत सेल्यालांड्सफॉस आहे, त्याच्या पाण्याच्या पडद्यामागून चालता येतं. आईला रेनकोट दे आणि पकड असलेले बूटही. थिंगवेट्लिरला मात्र अर्धा दिवस काढच. अमेरिका आणि युरोपकडचे भूपट्ट तिथे एकमेकांपासून दूर सरकताहेत आणि त्या भेगेतून आपण चालत जातो. त्याच जागी सन ९३० पासून आइसलँडच्या लोकांची विधानसभा भरत असे. हे घाईत बघायचं नसतं गं.

एक दिवस अगदी कोरा ठेव. तिथे वाऱ्यामुळे रस्ते बंद होतात. रोज सकाळी चहाआधी हवामान खात्याचं आणि रस्ते खात्याचं संकेतस्थळ उघडायचं, मगच निघायचं. गाडी उभी करताना तोंड वाऱ्याकडे ठेव आणि दार दोन्ही हातांनी धरून उघड. वाऱ्याने दार उलटं फिरून मोडतं आणि तो खर्च बरेचदा विम्यात बसत नाही. विमा घेताना हे विचारून घे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रेनिसफ्याराचा काळ्या वाळूचा किनारा फार देखणा आहे, पण तिथे माणसं बुडाली आहेत. शांत दिसणाऱ्या पाण्यातून एखादीच लाट खूप आत येते आणि पाय ओढून नेते. समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. धोक्याचा लाल दिवा लागला असेल, तर लांबूनच बघायचं. याबाबतीत मला तुझा शब्द हवाय.

आई ज्वालामुखीला घाबरतेय ना? तिला नीट समजावून सांग. २०१० साली एयाफ्यात्लायोकुल बर्फाखाली फुटला, बारीक राख उंच उडाली आणि युरोपभरची विमानं थांबली. डिसेंबर २०२३ पासून ग्रिंडाविकजवळ जे उद्रेक झाले, त्यांत लाव्हा जमिनीच्या भेगांमधून वाहिला आणि केफ्लाविक विमानतळावरची विमानं सुरू राहिली. बंदी असलेल्या भागात मात्र पाऊल टाकायचं नाही.

गरम पाण्याच्या तलावांचंही तिला आधीच सांग. पाण्यात उतरण्यापूर्वी बायकांच्या न्हाणीघरात पोहण्याचे कपडे न घालता साबणाने अंघोळ करावी लागते. तिथे कुणी कुणाकडे बघत नाही, पण ऐनवेळी कळलं तर ती दारातूनच परत फिरेल. बिचारीच्या गुडघ्यांना त्या पाण्याची खरी गरज आहे.

सप्टेंबरची तिकिटं बघ. तेव्हा रस्ते सहसा मोकळे असतात, रात्रीही पुरेशा काळोख्या होतात, त्यामुळे आकाश निरभ्र असेल तर ध्रुवीय प्रकाश दिसू शकतो. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळणं अवघड जातं, तेव्हा आईचा पासपोर्ट आजच काढून बघ, मुदत कधी संपतेय ते.