शिंदीचे रोप

ओढ्याच्या काठाला, माळावर, शेताच्या बांधावर शिंदीचे झाड आपण सर्वांनी पाहिले आहे. बुंधा खडबडीत. माथ्यावर करड्या-हिरव्या झावळ्यांचा झुपका. झावळीच्या बुडाशी लांब काटे. हे झाड सहसा कोणी लावत नाही. पाखरे फळे खातात, बी टाकतात आणि झाड उगवते. फुकट मिळते, म्हणून त्याची किंमत वाटत नाही.

पण दिवाळी आली की लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी लागते. तिला आपण हळदकुंकू वाहतो. तिला लक्ष्मी म्हणतो. ही केरसुणी शिंदीच्या पात्यांची करतात. मातंग समाजातल्या अनेक कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या हे काम केले. झावळ्या तोडायच्या, वाळवायच्या, पाती चिरायची, मूठ वळून बांधायची. हे कसबाचे काम आहे. झाडेच राहिली नाहीत, तर ही माणसे केरसुणी कशाची वळणार?

कोणी म्हणेल, “अहो, शिंदी लावायची कशाला? ती आपोआप येते की!”

येत होती, हे खरे. पण आता ओढ्याचे काठ नांगरले जातात. बांध कोरले जातात. उगवलेले कोवळे रोप गुरे तुडवतात, नाहीतर वणव्यात जळते. जुने झाड पडते, नवे उभे राहत नाही. म्हणून शिंदी आता लावली पाहिजे. शहरात तर बागेत आणि रस्त्याच्या कडेला शोभेसाठी हे झाड मुद्दाम लावतात. मग आपल्या शाळेच्या वाटेवर, चावडीपुढे ते का नको?

बी कसे घ्यावे?

उन्हाळ्याच्या अखेरीला शिंदीची फळे पिकतात. आधी ती पिवळी-नारिंगी होतात, मग तांबूस-काळी. पुरती पिकलेली, खाली पडलेली फळे घ्या. वरचा गर धुऊन काढा. आत खारकेच्या बीसारखी लहान बी असते. तिच्या एका अंगाला खोबण असते. बी दोन दिवस पाण्यात भिजत ठेवा. रोज पाणी बदला. वर तरंगणारे बी टाकून द्या. बुडालेले बी लगेच पेरा. फार दिवस वाळत ठेवू नका.

रोप कसे करावे?

वीतभर किंवा त्याहून खोल पिशवी घ्या. शिंदीचे मूळ सरळ खाली जाते, म्हणून उथळ पिशवी चालत नाही. पिशवीला तळाशी भोके पाडा. दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेले शेणखत असे मिसळून भरा. बी बोटाच्या एका पेराइतके खोल पुरा. पिशवी विरळ सावलीत ठेवा. माती ओलसर असावी. चिखल नसावा.

आता धीर धरायचा. ज्वारी चार-सहा दिवसांत उगवते. शिंदीला एक ते तीन महिने लागतात. बी आधी खाली मूळ सोडते. मग वर एकच अरुंद पान येते. ते अगदी गवतासारखे दिसते. गवत समजून ते उपटू नका! पुष्कळांची रोपे अशीच जातात. चिरलेली पाने पुढे पुष्कळ दिवसांनी येतात.

रोप कोठे व कसे लावावे?

दुसऱ्या पावसाळ्यात रोप बाहेर लावा. जागा उन्हाची हवी. दीड-दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा खणा. मातीत शेणखत मिसळा. पिशवी फाडा, पण मुळाची माती फुटू देऊ नका. दोन झाडांत पंधरा फूट अंतर ठेवा. वाटेपासून थोडे आत लावा, कारण काटे डोळ्याला लागतात. शेळ्यांपासून राखण्यासाठी काटेरी कुंपण करा. पहिले दोन-तीन उन्हाळे आठवड्याला पाणी द्या. पुढे झाड आपले आपण तगते.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा

कडुनिंब तोडला, तर बुंध्यातून धुमारे फुटतात. शिंदीचे तसे नाही. तिला माथ्यावर एकच कोंब असतो. सगळ्या झावळ्या तेथूनच निघतात. तो कोंब तोडला, जळाला किंवा किडीने खाल्ला, की झाड मेले. पुन्हा फुटत नाही.

म्हणून झावळ्या तोडताना खालच्या, जुन्या तोडा. मधला कोंब आणि त्याभोवतीची कोवळी पाने सोडा. एका वेळी सारा माथा बोडका करू नका. रोप लहान असताना तर त्याला कोयता लावूच नका. आज एक भारा जास्त मिळेल, पण उद्या झाड जाईल.

गेंड्या भुंगा कोंब पोखरतो. पान उघडले की ते कात्रीने कापल्यासारखे दिसते. भोकात तारेचा आकडा घालून भुंगा ओढून काढा. या भुंग्याच्या अळ्या शेणखताच्या उकिरड्यात वाढतात. उकिरडा उपसताना दिसतील तेवढ्या मारा.

शिंदीत नर आणि मादी अशी झाडे वेगळी असतात. फळ फक्त मादीला येते. पण झावळ्या दोन्हींना येतात. नराला फळ नाही म्हणून तो तोडू नका. नर नसेल, तर मादीला फळ कसे धरेल?

शिंदीचा रस काढण्यासाठी झाड छेदतात. परवान्याशिवाय असे करणे गुन्हा आहे. वारंवार खोल छेदले, तर झाडही खंगते.

शिंदी सावकाश वाढते. ती तीस-चाळीस फूट उंच होते, पण एका-दोन वर्षांत नव्हे. आज लावलेले रोप आपल्या मुलांच्या हाताला येईल. गावातल्या प्रत्येक घराने एक बी पेरले, तरी ओढ्याचा काठ पुन्हा भरेल. केरसुणी वळणाऱ्या घरी चूल पेटेल. दिवाळीला लक्ष्मी आपल्याच गावची येईल.

सांगा पाहू

१. शिंदीचे बी उगवायला किती दिवस लागतात?
२. पहिले पान कशासारखे दिसते?
३. कोणत्या झावळ्या तोडाव्या? कोणत्या सोडाव्या? का?
४. तुमच्या गावात शिंदीची किती झाडे आहेत? मोजा आणि वहीत लिहा.