नव्या जुळणीचे डिझेल जनित्र प्रथम कसे चालवावे

पुणे शहराच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. घाव बसून कडक झालेले तांबे तेथील तांबट भट्टीत तापवून मऊ करतात आणि मगच पुढचे घाव घालतात. घाई केल्यास पत्रा तडकतो. जुन्या तेल एंजिनाला जनित्र जोडून घरीच संच उभारणाऱ्या शेतकऱ्यानेही हे ध्यानी ठेवावे. एंजिनाचे पुढील आयुष्य पहिल्या काही तासांवर अवलंबून असते.

पुणे जिल्ह्यास ही एंजिने नवी नाहीत. किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी १९४६ साली स्थापन झाली व तिचा कारखाना खडकीस उभा राहिला. पुढे विहिरींवर विजेचे पंप आले आणि कित्येक एंजिने पडून राहिली. अशा एंजिनास नवा लायनर व नव्या कड्या बसविल्या की ते नव्यासारखेच हळूहळू रुळवावे लागते.

पूर्वतयारी

चार ध्रुवांच्या जनित्रास ५० आवर्तनांची वीज देण्यासाठी मिनिटास १,५०० फेरे लागतात. एंजिन १,००० फेऱ्यांचे असल्यास त्यावर १२ इंची व जनित्रावर ८ इंची पुली बसवावी. एंजिनाचा ठरीव वेग मात्र कधीही वाढवू नये. बिडाचे फ्लायव्हील फुटून प्राणघातक अपघात होतो.

इंजेक्टरखालचा तांब्याचा वायसर पुन्हा वापरायचा असल्यास लालसर तापवून पाण्यात बुडवावा. पोलाद अशाने कडक होते, तांबे मऊच राहते. वंगण तेल व थंडाव्याचे पाणी पाहून एंजिन हाताने वीस-पंचवीस फेरे फिरवावे. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा; उलट झटका बसल्यास हात वाचतो.

भार कसा द्यावा

प्रथम पाच मिनिटे भाराविना चालवून एंजिन बंद करावे. गळती आणि बेअरिंगांची उष्णता तपासावी. त्यानंतर मात्र ते तासन् तास रिकामे चालवू नये. जळणाऱ्या वायूच्या दाबानेच कड्या सिलिंडरच्या भिंतीस घट्ट टेकतात व घासून बसतात. भार नसेल तर दाब कमी पडतो, भिंतीवर तेलाचा गुळगुळीत थर जमतो आणि एंजिन कायमचे तेल खाऊ लागते. उलट, आरंभीच पूर्ण भार दिल्यास दट्ट्या तापून अडकण्याचा संभव असतो.

तीन किलोवॅटच्या संचास पाणी तापविण्याचे एक किलोवॅटचे तीन हीटर सोयीचे पडतात. पहिला तास एक व पुढील चार-पाच तास दोन हीटर लावावेत. तिसरा त्यानंतर, आरंभी थोडा थोडा वेळ लावावा. कारखान्याचे पत्रक हाती असल्यास त्यातील क्रमच पाळावा. पहिल्या दिवसाच्या कामानंतर एंजिन थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा आवळून व्हॉल्व्हची फट तपासावी. वीस-पंचवीस तासांनी वंगण तेल बदलावे. झिजलेल्या धातूची भुकटी त्यात उतरलेली असते.

धोके

इंधनाचा दांडा अडकला तर एंजिन बेफाम धावते. यासाठी हवेचे तोंड झाकण्याजोगी फळी अगोदरच जवळ ठेवावी. हात किंवा कापड लावू नये. धुराची नळी उघड्यावर न्यावी. बंद खोलीत त्यातील विषारी वायूने माणूस दगावतो. पट्ट्यावर जाळी बसवावी व जनित्रास अर्थिंग करावे. घराची वायरिंग जोडायची असल्यास परवानाधारक तारतंत्र्याकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. तो नसल्यास आपली वीज उलट खांबावर जाते आणि तेथे काम करणाऱ्या लाइनमनचा बळी घेऊ शकते.

कृषी सहायकाने शेतकऱ्यास एक वही घालून द्यावी. तीत चाललेले तास, दिलेला भार, भरलेले तेल व धुराचा रंग रोज लिहावा. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. भाराखाली काळा धूर म्हणजे भार अधिक किंवा इंजेक्टर सदोष आहे. तेलाचा खप दिवसेंदिवस उतरून स्थिरावला म्हणजे कड्या बसल्या असे समजावे, आणि मगच त्या संचावर नित्याचा पूर्ण भार टाकावा.